पिस्तुलातलं खोबरेल

पौषात आमच्याकडे खोबरेल गोठतं. न्हाणीघराच्या खिडकीतली बाटली सकाळी हातात घ्यावी तर आत पांढराशुभ्र गोळा. कितीही उपडी धरा, थेंब खाली यायचा नाही. मग ती ओटीच्या पायरीवर उन्हात नेऊन ठेवायची आणि केस मोकळे सोडून तिच्या शेजारी आपणही बसायचं. कोकणातली थंडी म्हणावी तर एवढीच. पण ह्याच दिवसांत वरच्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या माळावरून, मोहोराचा वास उतरायला लागतो. गोडसर, थोडा तुरट, नाकात ठाण मांडून बसणारा. बाटलीतलं तेल कडेकडेने पातळ होत जातं, मधला गोळा त्यात तरंगायला लागतो, आणि मी बसल्या जागी कुठल्या कुठे जाते. तसं माझं चित्त पहिल्यापासून जरा तरंगतंच. सासूबाई म्हणायच्या, हिला तांदूळ निवडायला दिले तर ही खड्यांशी गप्पा मारत बसेल.

परवा शाल काढायला लोखंडी कपाट उघडलं, तर शालींच्या तळाशी हाताला काहीतरी जड लागलं. जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं. उलगडायच्या आधीच मला कळलं, कारण फडक्याला खवट खोबरेलाचा वास येत होता. सून शेजारी उभी होती. फडक्यातून काळंभोर पिस्तूल बाहेर आलेलं बघून ती मागेच सरली.

"आई, हे कुणाचं? घरात कसं काय?"

"अगं, घाबरतेस काय! ह्याने आजवर चिमणीसुद्धा मारलेली नाही."

आणि ते अक्षरशः खरं आहे. मी ते उजेडाकडे धरून नळीत डोकावले. आत कडेला पांढरं काहीतरी साकळलेलं दिसलं. बाहेर पायरीवर बाटलीतलं तेल गोठलेलं आणि आत हे. मला इतकं हसू लोटलं की सुनेला वाटलं असणार, सासूबाईंचं काही खरं नाही.

ते पिस्तूल माझ्या मामंजींचं, म्हणजे सासऱ्यांचं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी नुकतीच लग्न होऊन पावसजवळच्या ह्या वाडीत आले होते. हे रत्नागिरीला शाळेत शिकवायचे, रोज एसटीने जाऊन येऊन. घरात मामंजी, सासूबाई आणि मी. धाकटे दीर, विजूभावजी, बोटीवर इंजिनीयर; वर्षातून एकदा उगवायचे. घरामागून जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी वर सड्यावर जाते आणि तिथे आमची हापूसची बाग. बागेच्या अगदी वरच्या कोपऱ्यात, जिथून पलीकडचं रान सुरू होतं, तिथली कलमं सगळ्यांत जुनी. मामंजींनी तरुणपणी कातळ फोडून, खाली माती भरून, कावडीने पाणी वाहून जगवलेली. त्यांना सगळे 'वरची' म्हणत. "वरची मोहोरली का?" असं विचारायचे, घरातल्या थोरल्या बाईची चौकशी करावी तसं.

आणि रानातून वानर येत. त्यांनाही वरचीच आवडत.

लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात मी मामंजींचा कुकारा ऐकला. कुकारा म्हणजे लांब हाक, शब्द नसलेली. ते बागेच्या गडग्यावर, म्हणजे दगडी बांधावर, चढून उभे राहायचे, एक हात कानामागे धरायचे आणि छातीच्या तळातून 'कूऽऽऽ' असा आवाज सोडायचे. तो सड्यावरून घरंगळत खाली यायचा, आगरातल्या माडांतून जायचा आणि मग समुद्राच्या गाजेत मिसळायचा. तो कुठे संपला हे कधी कळायचं नाही. वानरांचा कळप तेवढ्याने फांद्या सोडून रानात पसार. विहिरीवरच्या बायका म्हणायच्या, "अण्णांनी वांदर हाकलले, चला, पेजेची वेळ झाली." मी स्वयंपाकघरात हातातलं काम सोडून ऐकत राहायची.

त्याच पावसाळ्यात त्यांच्या घशाचं दुखणं निघालं. मुंबईला नेलं, ऑपरेशन झालं. माणूस वाचला, आवाज मात्र तिकडेच राहिला. घरी आले ते कुजबुजत. बोलायचे, पण शेजारी बसलेल्यालाच ऐकू जाईल एवढंच. त्यातही मध्ये मध्ये नुसता वारा. पूर्वी ज्याने ओटीवरून हाक मारली तर गोठ्यातली म्हैस कान टवकारायची, त्या माणसाला आता पाणी हवं असलं तर काठी आपटावी लागे. सासूबाईंनी हे दुःख कधी बोलून दाखवलं नाही. त्या फक्त त्यांच्या जवळ जवळ बसायला लागल्या.

दिवाळीत एकदा ओटीवर बसल्या बसल्या ह्यांनी विषय काढला. अगदी जपून. "अण्णा, ह्या वर्षी बाग मोहोरावर देऊन टाकू या का?"

मोहोरावर देणं म्हणजे झाडं फुलली की बाग व्यापाऱ्याच्या हवाली करायची. मग राखण त्याची, आंबे त्याचे. आपण फक्त मालक म्हणायचे. पुष्कळजण देतात, त्यात वाईट काही नाही. पण मामंजींचा चेहरा असा झाला की जणू कोणी घरातलं माणूस मागितलं.

"राखण मी करीन," ते कुजबुजले.

"पण कशाने, अण्णा?"

मामंजींनी ह्यांना खुणेने जवळ बोलावलं. मी दाराआड होते, तरी ऐकू आलं, कारण घर तेव्हा फारच गप्प झालं होतं. "हा एक हंगाम मला दे. वरची जर वांदरांनी खाल्लीन, तर पुढच्या वर्षापासून दे मोहोरावर. मी परत सड्यावर पाऊल टाकायचा नाही."

बोलल्याप्रमाणे वागणारा माणूस. सड्यावर पाऊल टाकणार नाही म्हणजे काय, हे घरात सगळ्यांना कळलं. त्यांचं दुसरं काही नव्हतंच.

मार्गशीर्षात विजूभावजी आले. मामंजींनी त्यांना बोटीवर पत्राने कळवून ठेवलं होतं, "येताना आवाज होईल असं काहीतरी आण." आता एखाद्याने ह्यावर भोंगा आणला असता, शिट्टी आणली असती. भावजींनी ओटीवर पेटी उघडली आणि आतून निघालं पिस्तूल. फौजेतल्या खऱ्या पिस्तुलाची हुबेहूब नक्कल. हाताला तसंच गार, तसंच जड.

"अगो बाई! हे कसलं शिंचं आणलंन ह्याने!" सासूबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या. "घरात हळदीकुंकवाला बायका येतात रे मेल्या."

"आई, खोटं आहे ते. हवेवर चालतं."

"मग तुझ्यासारखंच आहे म्हण."

ते गॅसवर चालायचं. सोडा करायच्या बाटलीला बोटभर लांबीच्या गॅसच्या कुप्या लावतात ना, तशीच कुपी त्याच्या मुठीत बसवायची. खालचा स्क्रू पिळला की आत 'फिस्स' व्हायचं, आणि मग चाप ओढला की मिरीच्या दाण्याएवढी पोलादी गोळी 'फट्' करून सुटायची. भावजींनी ते कुठल्याशा बंदरातल्या दुकानात घेतलं होतं. दुकानदारीण म्हातारी होती म्हणे. तिने विचारलं, कशासाठी हवंय? भावजी म्हणाले, वडिलांचा आवाज गेलाय म्हणून. म्हातारीने त्यांच्याकडे फार वेळ बघितलं आणि कुप्यांचा एक डबा वर जास्तीचा दिला. ही गोष्ट भावजी दर वेळी जरा वेगळी सांगायचे, पण म्हातारीचं ते बघणं प्रत्येक वेळी तेच असायचं.

मामंजींनी पिस्तूल हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "वांदर मारायचा नाही."

हे तर ठरलेलंच होतं. वानर मारुतीचा. त्याला मारून शनिवारी देवळात कुठल्या तोंडाने जायचं? भावजींचा चेहरा पडला. पण मामंजींच्या डोक्यात वेगळंच शिजत होतं. त्यांनी माळ्यावरून रॉकेलचे, तुपाचे, जुने गंजके पत्र्याचे डबे खाली काढायला लावले, त्यांना सुंभ बांधलं, आणि बागेतल्या एकेका कलमाला एकेक डबा टांगला. वानर ज्या झाडावर बसेल त्या झाडावरच्या डब्याला गोळी मारायची. आपल्या घशातून आवाज निघत नाही ना, मग तो वानराच्या कानाशी निघेल.

पहिली गोळी डब्याला लागली तेव्हा मी खाली विहिरीवर होते. 'टण्ण' असा स्वच्छ आवाज आला. देवळातल्या घंटेला लाजवेल असा. सासूबाई पोहरा हातात धरून तशाच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बोलले."

त्या हंगामातलं मला सलग काही आठवत नाही. नुसते तुकडे येतात. सकाळी दहाच्या उन्हात मी पेजेचा तांब्या आणि भाजलेला पापड घेऊन पाखाडी चढते आहे. पायांखाली वाळकी पानं. वर गेल्यावर एकदम मोकळा सडा, आणि लांब खाली समुद्राची एक निळी पट्टी. कलमांच्या सावलीत मामंजी गडग्याला टेकून बसलेले, मांडीवर पिस्तूल, डोळे मिटलेले. वाऱ्याने डबे आपापसातच किणकिणताहेत. मोहोर गळून कैऱ्या धरलेल्या, बोराएवढ्या, मग सुपारीएवढ्या, मग मुठीएवढ्या. दर दिवशी मी त्याच झाडांखालून जायची, तरी त्या कधी वाढल्या ते दिसायचं नाही. आपलं वय वाढतं तसंच ते.

कुपी रिकामी झाली की ती बर्फासारखी गार झालेली असायची. मामंजी ती काढून माझ्या हातात द्यायचे. चैत्राच्या उन्हात मी ती गालाला लावायची, मानेला लावायची, आणि मला वाटायचं की कुठल्या तरी थंड मुलखातली हवा ह्यात भरून आपल्याकडे पाठवली आहे. रिकाम्या कुप्या मी एका दोऱ्यात ओवून स्वयंपाकघराच्या खिडकीला टांगल्या होत्या. खारा वारा आला की त्या वाजायच्या. सासूबाई म्हणायच्या, "नांदा सौख्यभरे! सासरे डबे वाजवतात, सून नळकांडी."

खरं म्हणजे मला वाजवण्याखेरीज गत नव्हती. मी घाटावरची, कऱ्हाडकडची. माहेरी ज्वारी राखायला आम्ही पोरी माळ्यावर उभ्या राहायचो. माळा म्हणजे शेताच्या मधोमध चार खांबांवर बांधलेलं मचाण. हातात गोफण, आणि गोफणीपेक्षा घसा मोठा. पाखरांचा थवा उतरला की अशी आरोळी ठोकायची की शेजारच्या तीन शेतांतली पाखरं उठावीत. माझे वडील म्हणायचे, आमच्या पोरीला गोफण कशाला द्यायची, उगीच दगड वाया. लग्न ठरलं तेव्हा आईने एकच सांगितलं, "कोकणात हळू बोलतात हं."

आणि इथे खरोखरच हळू बोलत. सासूबाई वाईट नव्हत्या, पण त्यांचा दंडक होता: सुनेचा आवाज माजघरातून ओटीवर जाता कामा नये. जेवायला बोलवायचं तर मामंजींना हाक मारायची नाही, दाराची कडी वाजवायची. दोनदा वाजली की पानं मांडलीत, एकदा वाजली की कोणी आलंय. पहिल्या वर्षी मला फार गुदमरल्यासारखं व्हायचं. पुढे सवय झाली. पण त्या हंगामात, मामंजी काठी आपटून पाणी मागायचे आणि मी कडी वाजवून ते आणल्याचं कळवायची, तेव्हा कधी कधी आमची नजरानजर व्हायची आणि आम्हा दोघांनाही हसू यायचं. एका घरात दोन माणसं बिनआवाजाची. त्यांचा दुखण्याने गेलेला, माझा रीतीने. त्यांच्याबद्दलची माझी माया तिथे सुरू झाली.

पिस्तुलाची निगा मामंजी देवाच्या मूर्तीसारखी राखायचे. आमच्याकडची हवा म्हणजे लोखंडाची वैरीण. खिळा आज ठोका, पुढच्या महिन्यात तो तांबडा. रोज संध्याकाळी ओटीवर धोतराचं फडकं पसरायचं, पिस्तूल खोलायचं, पुसायचं, आणि तेल द्यायचं. पिस्तुलाबरोबर खास तेलाची एक छोटी बाटली आली होती, पण ती बोटीवरच पेटीत सांडून भावजींच्या पांढऱ्या शर्टाला लागली होती. बरोबर एक कागदही होता, त्यावर म्हणे दुसरं कुठलंही तेल वापरू नये असं छापलं होतं. भावजींनी जाताना बजावलं. मामंजींनी मान हलवली आणि भावजींची एसटी वळणावर दिसेनाशी झाल्यावर मला खूण केली, "खोबरेल आण."

आता ह्यात त्यांचं काय चुकलं? आमच्या घरात खोबरेल लावलं नाही अशी वस्तूच नव्हती. भिंतीवरच्या घड्याळाला खोबरेल, शिवणयंत्राला खोबरेल, कुलपाला, सायकलच्या साखळीला, बाळंतिणीच्या पाठीला, देवाच्या समईला. घरच्या नारळांचं, घाण्यावरून स्वतः काढून आणलेलं. मामंजी कुजबुजायचे, "त्या लोकांना नारळ कुठे माहीत? असता तर कागदावर लिहिलंन असतं." चैत्रातल्या उकाड्यात ते तेल पाण्यासारखं पातळ. पिस्तूल असं चकाकायचं की सासूबाई त्याला 'तुमचा जावई' म्हणायला लागल्या होत्या.

मध्ये मध्ये ते खोकायचं मात्र. चार डबे खणखणीत वाजायचे आणि पाचव्याला गोळी जेमतेम नळीतून बाहेर पडून पायाशी. जरा वेळ ठेवून दिलं की पुन्हा ठीक. मामंजी म्हणायचे, कुपीत गॅस कमी. सासूबाई म्हणायच्या, दृष्ट लागली. त्यांनी एकदा खरोखरच मीठ-मोहरी ओवाळून टाकली त्याच्यावरून.

वैशाखाच्या तोंडावर वरची तयार झाली. ती काढायला दुसऱ्या दिवशी गडी येणार होते; झेले, टोपल्या सगळं पडवीत आणून ठेवलेलं. झेला म्हणजे लांब काठीला लावलेली जाळी, तिच्यात आंबा देठासकट अलगद उतरतो. एक दिवस काढला की मामंजींनी हंगाम जिंकला. त्या सकाळी ते न्याहारी न करताच वर गेले. मी नेहमीच्या वेळी पेज घेऊन निघाले, तर पाखाडीच्या अर्ध्यावरच डबे ऐकू आले. टण्ण, टण्ण, टण्ण. एकापाठोपाठ एक, श्वास न घेता. इतके कधीच वाजत नसत.

वर पोचले आणि बघितलं तर रानाकडच्या गडग्यावर वानर बसलेले. थोडेथोडके नव्हेत. पोटाशी पिल्लं घेतलेल्या माद्या, आणि मधोमध एक काळतोंड्या हुप्प्या, जमीन मोजायला आलेल्या तलाठ्यासारखा निवांत. काही वानर वरच्यांच्या शेंड्यावर चढलेले होते. मामंजी एका झाडापासून दुसऱ्या झाडाकडे धावत होते, डब्यावर डबा वाजवत होते. एका झाडावरून वानर उठायचा आणि दुसऱ्यावर बसायचा. मग दुसरा डबा. मग तिसरा. ते चाप ओढत होते आणि ओढतच होते.

आणि पिस्तूल गप्प झालं.

मी जवळ गेले. पिस्तुलाला घाम फुटला होता. दहिवर पडावं तसं काळ्या लोखंडावर पाणी जमलं होतं. मामंजींनी कुपी बदलली. चाप ओढला. आतून नुसतं 'फुस्स' झालं. नेमका तसाच आवाज त्यांच्या घशातून यायचा. त्यांनी पुन्हा ओढला, झटकलं, पुन्हा ओढला. काही नाही. समोर हुप्प्या गडग्यावरून उतरला, शांतपणे वरच्यांतल्या सगळ्यांत जुन्या कलमावर चढला आणि एक आंबा तोडून, एक चावा घेऊन, खाली टाकला. मग दुसरा. वानर एक आंबा पुरता खात नाही. सगळ्यांना एकेक चावा.

मामंजींनी पिस्तूल खाली टाकलं. ते गडग्यावर चढले. एक हात कानामागे धरला. छाती भरली, मानेच्या शिरा तटतटल्या, तोंड उघडलं, आणि त्यातून काहीच आलं नाही. वाऱ्याची एक बारीक शीळ आली आणि तीही विरली. तोंड तसंच उघडं. वानरांनी मान वळवूनही बघितलं नाही.

मला ते बघवलं नाही. हातातला तांब्या कधी सुटला, डोक्यावरचा पदर कधी पडला, मला ठाऊक नाही. सासरा समोर उभा आहे, आपण सून आहोत, कडी कुठे आहे, काही सुचलं नाही. मी ज्वारीत होते. मी माळ्यावर होते. पोटातून जी आरोळी उठली ती एका वर्षाची साठलेली होती. "हाऽऽऽ हुर्रऽऽऽ!"

कोकणातल्या वानरांनी तसलं काही जन्मात ऐकलं नसणार. हुप्प्याच्या हातातला आंबा सुटला. सगळ्या शेंड्यांवर एकदम खळबळ झाली, फांद्या लवल्या, पानं झडली, आणि काळ्या-करड्या अंगांचे ते सगळे जीव गडगा ओलांडून रानात गेले. मी आणखी एकदा ओरडले. आणखी एकदा. माझा आवाज सड्यावरून घरंगळत खाली गेला, माडांत शिरला, आणि मग तो कुठे संपला ते कळलं नाही.

त्यानंतर एवढं शांत झालं की लांबवर समुद्र ऐकू यायला लागला. टांगलेला एक डबा सावकाश हेलकावे खात होता. मला भान आलं. मी घाईने पदर डोक्यावर घेतला आणि खाली बघत उभी राहिले. पायाशी पिस्तूल पडलेलं, शेजारी सांडलेली पेज. त्यांच्या देखत त्यांचं काम मी केलं होतं, आणि ते त्यांना किती लागलं असेल ह्या विचाराने मला मान वर करवेना.

मामंजी गडग्यावरून उतरले. काठी टेकत माझ्यापाशी आले. "कुठे शिकलीस?"

"ज्वारीत," मी पुटपुटले. माझाही आवाज आता त्यांच्याएवढाच झाला होता.

त्यांनी रानाकडे बघितलं. मग खाली, माडांकडे. त्यांचे डोळे भरले होते, पण चेहरा हसरा होता. दुखण्यानंतर असा मी तो बघितलाच नव्हता. ते म्हणाले, "परत एकदा घाल कुकारा."

"पण ते गेले, मामंजी."

"जाऊ देत. मला ऐकायचाय."

मी घातला. ते डोळे मिटून, एक हात कानामागे धरून उभे राहिले, आवाज पार समुद्रात मिसळेपर्यंत.

आम्ही खाली आलो तेव्हा सासूबाई मागल्या दारी उभ्या होत्या. माझा पाय अडखळला. ओटीपर्यंत जाऊ नये असा जो आवाज, तो आज अख्ख्या वाडीने ऐकला होता. त्यांनी विचारलं, "कोण हो ओरडलं मघाशी वर?"

मी तोंड उघडायच्या आत मामंजी कुजबुजले, "मी."

सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्या मातीने भरलेल्या पदराकडे. सगळा जन्म त्या माणसाचा कुकारा ऐकलेली बाई ती, तिला काय सांगायचं? त्या एवढंच म्हणाल्या, "बरं झालं. हात-पाय धुवून घ्या दोघंही."

हात-पाय धुवायच्या आधीच मामंजींनी ओटीवर पिस्तूल खोललं. उन्हातून आणूनही त्याच्या पोटातलं लोखंड अजून गार होतं. आत जिथे जिथे फट, तिथे तिथे पांढरं साय धरल्यासारखं. त्यांनी बोटाने काढून नाकाशी नेलं आणि माझ्यापुढे धरलं. खोबरेल. गोळ्या भराभर सोडल्या की गॅस आतलं लोखंड गारठवून टाकतो, आणि बाहेर वैशाख असला तरी पिस्तुलाच्या पोटात पौष पडतो. मग तेल तिथे तेच करणार, जे ते दर पौषात न्हाणीघराच्या खिडकीत करतं. सासूबाई वाकून बघत होत्या. त्या पदराआड हसायला लागल्या आणि मग त्यांना हसू आवरेना. "लोणी काढलंत की हो पिस्तुलातून!" मामंजीही हसले, बिनआवाजाचे, खांदे हलवत. संध्याकाळपर्यंत ते हसू उतरलं नाही; एसटीने दमून आलेल्या ह्यांना दारातच कळेना की घरात काय झालंय.

दुसऱ्या दिवशी गडी आले, वरची उतरली. थोडे चावलेले गेले, बाकीचे पेट्यांत बसले. बाग पुढच्या वर्षी मोहोरावर गेली नाही. त्याच्या पुढेही गेली नाही, मामंजी गेल्यानंतरही नाही. परवा सूनसुद्धा वर जाऊन ओरडून आली. तिचा घसा अजून शहरी आहे, पण सुधारेल.

मला मात्र त्या हंगामातली शेवटची म्हणून आठवते ती त्यानंतरची एक सकाळ. वरची उतरली होती, खालची कलमं अजून राखायची होती. पिस्तूल खोललेलं, धुतलेलं, ओटीच्या पायरीवर उन्हात वाळत पडलं होतं. मामंजी धोतराचा सोगा खोचून, नुसती काठी घेऊन पाखाडी चढायला लागले. मी माजघरात तांदूळ निवडत बसले होते आणि बहुधा खड्यांशी गप्पाच मारत होते. सासूबाई मागल्या दारातून त्यांच्या पाठीकडे बघत उभ्या राहिल्या. मग वळल्या, माझ्या पुढ्यातलं सूप उचलून बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "अगो, बसलीस काय अशी? त्यांचा आवाज घरीच राहिलाय. जा, पळ."